'एलिट डेंजरस'मध्ये यॉ इतकं दुबळं का? : पार्श्वभूमी

'एलिट डेंजरस' हा अंतराळयान चालवायचा संगणकावरचा खेळ पहिल्यांदा उघडणारा जवळपास प्रत्येक जण एकाच ठिकाणी अडखळतो. लक्ष्य उजवीकडे दिसतं म्हणून तो माऊस उजवीकडे नेतो, आणि यान तिकडे वळायचं सोडून जागच्या जागी कलंडतं. कीबोर्ड-माऊसच्या मूळ मांडणीत माऊसची आडवी हालचाल रोलला, म्हणजे यान कुशीवर कलंडवण्याला, जोडलेली आहे. यॉ, म्हणजे नाक डावी-उजवीकडे वळवणं, 'ए' आणि 'डी' या कळांवर आहे, पण त्या दाबून धरल्या तरी नाक सावकाशच सरकतं. सेटिंगमध्ये जाऊन माऊस यॉला जोडता येतो, पण त्याने यॉचा वेग वाढत नाही. तो मुद्दाम कमी ठेवलेला आहे.

अंतराळयानांच्या खेळांची सुरुवात वेगळ्या वळणाची होती. १९६२ साली अमेरिकेतल्या एका विद्यापीठात पीडीपी-१ संगणकावर 'स्पेसवॉर!' तयार झाला. त्यात मध्यभागी तारा होता, त्याचं गुरुत्वाकर्षण होतं, आणि इंजिन थांबवलं तरी यान पुढे जातच राहायचं. आधी संगणकाच्या पॅनेलवरचे स्विच वापरून खेळत, नंतर हातात धरायचे वेगळे कंट्रोल बॉक्स आले. १९७९ च्या 'अ‍ॅस्टरॉइड्स'नेही फिरणं, इंजिनाचा जोर आणि गोळीबार हीच बटणं ठेवली. हे सगळं सपाट पडद्यावरचं होतं.

आजच्या सवयी १९८४ च्या 'एलिट'पासून आल्या. बीबीसी मायक्रो या संगणकावरच्या त्या खेळात अंतराळ त्रिमितीत होतं, पण यॉ नव्हतंच. लक्ष्य बाजूला असेल तर ते डोक्यावर येईपर्यंत रोल करायचा आणि मग नाक वर ओढायचं. स्टेशनात शिरणं हीच खरी परीक्षा असायची. स्टेशन स्वतःभोवती फिरत असे, त्याची फट ग्रहाच्या बाजूला असे, आणि फटीच्या गतीशी आपला रोल जुळवूनच आत जावं लागे. हे काम आपोआप करणारा डॉकिंग कॉम्प्युटर खेळातच विकत मिळायचा, पण सुरुवातीला हातात १०० क्रेडिट असत आणि त्याची किंमत होती १५००. म्हणजे तोवर हाताने शिकणं भागच होतं.

१९९३ साली 'एलिट'चा पुढचा भाग असलेल्या 'फ्रंटिअर'ने खरं न्यूटनी भौतिकशास्त्र आणलं. त्याचे चाहते आजही आहेत. पण लढाई म्हणून तो प्रयोग फसला, असं माझं स्पष्ट मत आहे. दोन यानं प्रचंड वेगाने एकमेकांजवळून निघून जायची, क्षणभर गोळीबार व्हायचा, आणि पुन्हा लांबलचक ब्रेक लावत परत फिरायचं.

२०१२ च्या अखेरीस लोकवर्गणीतून 'एलिट डेंजरस'चं काम सुरू झालं तेव्हा हा अनुभव समोर होता. डिसेंबर २०१३ मध्ये अल्फा, म्हणजे अपुरी चाचणी आवृत्ती वर्गणीदारांच्या हाती पडली, आणि यॉवरून वाद पेटला. तक्रार करणाऱ्यांचा मुद्दा वजनदार होता. अंतराळात हवा नाही, पंख नाहीत. थ्रस्टरच्या, म्हणजे दिशा बदलणाऱ्या छोट्या इंजिनांच्या, जोरावर यान सरळ आडवं सरकू शकतं, मग नाक वळवायलाच जोर का कमी पडावा? याला भौतिकशास्त्रातून उत्तर नाही, आणि तसा आव आणायचीही गरज नाही.

उत्तर खेळाच्या रचनेत आहे. यॉ पिचइतकं, म्हणजे नाक वर-खाली करण्याइतकं, जोरकस असतं तर प्रत्येक वैमानिक जागेवर बसून नाक शत्रूवर रोखून धरेल आणि यानाची तोफ होईल. यॉ दुबळं ठेवलं की रोल करावाच लागतो, वेग सांभाळावा लागतो, कोणत्या बाजूने वळायचं ते ठरवावं लागतं. थ्रॉटलवरचा, म्हणजे वेगाच्या मापकावरचा, निळा पट्टाही याच विचारातून आला. वेग त्या मधल्या पट्ट्यात असेल तेव्हा यान सर्वांत चपळ वळतं, म्हणून पूर्ण वेगात आंधळं धावणारा मागे पडतो. निर्मात्यांनी विरोध असूनही यॉ तसंच ठेवलं, आणि १६ डिसेंबर २०१४ ला खेळ त्याच रूपात बाहेर पडला. मला तो निर्णय बरोबर वाटतो. या खेळातल्या झुंजींना जी लय आहे, ती त्यातूनच आली.

ज्यांना 'फ्रंटिअर'ची ओढ होती त्यांच्यासाठी 'झेड' कळ ठेवली. ती दाबली की फ्लाइट असिस्ट, म्हणजे यान आपोआप सावरणारा संगणक, बंद होतो. मग यान आधीच्या दिशेने वाहत राहतं आणि नाक उलटं फिरवून पाठलाग करणाऱ्यावर गोळीबार करता येतो. तरीही कमाल वेगाची मर्यादा कायम राहते, आणि यॉ तिथेही पिचची बरोबरी करत नाही.

२०१९ मध्ये नवख्यांसाठी बरंच काही बदललं. बोलून शिकवणारं प्रशिक्षण आलं, उड्डाणही सांभाळणारा प्रगत डॉकिंग कॉम्प्युटर आला, आणि सुपरक्रूझमधून, म्हणजे लांब पल्ल्याच्या अतिवेगवान प्रवासातून, नेमक्या ठिकाणी उतरवणारं साहाय्य आलं. त्यामुळे रोल न शिकताच आज स्टेशन ते स्टेशन व्यापार करता येतो. पण वाटेत एखाद्या चाच्याने सुपरक्रूझमधून खेचून बाहेर काढलं की यातलं कोणतंच यंत्र कामी येत नाही, आणि 'डी' दाबून धरलेल्या नवख्याला शत्रू समोर यायची वाटच पाहावी लागते.