श्रीपत शेषाद्री खटला : १८४३ मधला प्रश्न अजून का सुटलेला नाही

घरात कोणी धर्म बदलला की मुलाचा ताबा कोणाकडे, हा वाद मुंबईला नवा नाही. १८३९ मध्ये जॉन विल्सन यांच्या मिशन शाळेतल्या होरमसजी पेस्तनजी आणि धनजीभाई नौरोजी या पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला. धनजीभाईंच्या नातेवाइकांनी हेबियस कॉर्पसचा, म्हणजे ताब्यातल्या माणसाला कोर्टापुढे हजर करण्याचा, अर्ज केला. ते जाणत्या वयाचे आहेत असे ठरवून मुंबईच्या तेव्हाच्या सुप्रीम कोर्टाने त्यांना मोकळे सोडले.

चार वर्षांनी मामला फार अवघड झाला. नारायण शेषाद्री हा ब्राह्मण तरुण ख्रिस्ती झाला आणि त्याचा धाकटा भाऊ श्रीपतही रॉबर्ट नेसबिट या मिशनऱ्याकडे राहू लागला. तो जेमतेम बारा वर्षांचा होता. वडील कोर्टात गेले. मुलाला परतायचे नव्हते, पण न्यायमूर्ती अर्स्किन पेरी यांनी अज्ञान (कायद्याने वयात न आलेल्या) मुलावर बापाचाच हक्क मानून त्याला वडिलांच्या हवाली केले. मुलाची समज किती, हे तपासण्यात त्यांनी वेळ घालवला नाही.

खरी परवड त्यानंतरची. कोर्टाने मुलगा घरी धाडला, पण मिशनऱ्याच्या घरी जेवलेल्याला पंक्तीत कोण घेणार? ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर प्रायश्चित्त देऊन त्याला जातीत परत घेण्यासाठी उभे राहिले. सनातन्यांनी कडाडून विरोध केला, ब्राह्मणांत तट पडले, बाजू घेणाऱ्यांवरच बहिष्काराची तलवार लटकू लागली. बाळशास्त्रींचे हे धाडस त्यांच्या पत्रकारितेइतकेच मोठे आहे, असे मला ठामपणे वाटते. मिशन, कोर्ट आणि जात अशा तिघांच्या ओढाताणीत मुलासाठी स्वतः झीज सोसायला तयार असलेली माणसे हीच.

पुढे १८७१ मध्ये स्किनर विरुद्ध ऑर्ड खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे लंडनमधल्या तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, मुलाचा धर्म बापाचाच धरावा हे तत्त्व पक्के केले. त्यात एका विधवा आईला तिची मुलगी गमवावी लागली. १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्याने मात्र अज्ञानाचे हित पाहायला सांगितले. वय, लिंग, धर्म यांचा विचार करावा आणि मूल समजते असेल तर त्याची पसंतीही ऐकावी, असे त्यात आले. श्रीपतला ही संधी मिळाली नव्हती.

तरी धर्माची अट गेली नाही. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याचे कलम ६ हिंदू धर्म सोडणाऱ्या आईला किंवा बापाला नैसर्गिक पालक मानत नाही. त्याच कायद्याचे कलम १३ मुलाचे हित सर्वांत वर ठेवते. आजचे आंतरधर्मीय ताब्याचे दावे याच दोन कलमांच्या मध्ये अडकतात.