अहो रूपम्, अहो ध्वनिः आणि पायथनची मेमरी

पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवणाऱ्या व्हिडिओंत एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘डेल’ ही आज्ञा लिहिली की ऑब्जेक्ट (प्रोग्रॅमने मेमरीत ठेवलेला आकडा, मजकूर, यादी असं काहीही) मेमरीतून पुसलं जातं. तसं होत नाही. ‘डेल’ फक्त ऑब्जेक्टला दिलेलं नाव काढून घेतं. ऑब्जेक्ट राहणार की जाणार, हे त्याच्यासोबत साठवलेला एक आकडा ठरवतो.

पायथन चालवायला बहुतेकजण वापरतात त्या सी-पायथन या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक ऑब्जेक्टला असा आकडा असतो. त्याला म्हणतात रेफरन्स काउंट. या ऑब्जेक्टला आत्ता कितीजणांनी धरून ठेवलंय (अशी प्रत्येक पकड म्हणजे एक रेफरन्स), एवढंच तो सांगतो. एक यादी व्हेरिएबलमध्ये, म्हणजे एका नावाखाली, ठेवली, आकडा १. तीच दुसऱ्या व्हेरिएबलला दिली, २. ‘डेल’ने एक कमी. शून्य झाला की ऑब्जेक्ट तिथल्या तिथे जातं, आणि त्याने ज्यांना धरलं होतं त्यांचेही आकडे एकेकाने उतरतात.

ही युक्ती जॉर्ज कॉलिन्स यांनी १९६० साली मांडली. त्याच वर्षी जॉन मॅकार्थी यांनी लिस्प या भाषेसाठी वेगळी वाट दाखवली होती: मेमरी संपत आली की थांबायचं, प्रोग्रॅम जिथवर पोहोचू शकतो तिथवर खुणा करायच्या, उरलेलं फेकायचं. जावा ही भाषा त्या वाटेने गेली. मोजणीतली खोट १९६३मध्ये मॅकबेथ यांनी एका पत्रातून दाखवून दिली. समजा क आणि ख ही दोन ऑब्जेक्ट आहेत: क ने ख ला धरलंय, ख ने क ला. प्रोग्रॅम दोघांनाही विसरलाय, तरी दोघांचा आकडा १. गोष्टीतल्या उंटाने आणि गाढवाने एकमेकांची वाहवा करत बसावं, तसे हे दोघे एकमेकांच्या जिवावर मेमरीत जागा अडवून बसतात.

पायथनने २००० साली, २.० आवृत्तीत, यावर जो उपाय आणला तो मला भारी आवडतो, कारण त्यात फक्त वजाबाकी आहे. समजा आणखी एक जोडी आहे, ग आणि घ. तेही एकमेकांना धरून आहेत, पण ग ला प्रोग्रॅममधल्या एका व्हेरिएबलनेही धरलंय. आकडे असे: क १, ख १, ग २, घ १. या आकड्यांची प्रत काढायची, मूळ आकड्यांना हात लावायचा नाही. आता प्रत्येकाकडे जाऊन तो कोणाला धरून आहे ते पाहायचं आणि त्या दुसऱ्याच्या प्रतीतून एक वजा करायचा. उरतं काय? क ०, ख ०, ग १, घ ०. आपसातले सगळे रेफरन्स वजा झाले, म्हणून ग चा उरलेला १ बाहेरून आलेलाच असणार. तो जिवंत. घ शून्यावर असला तरी ग त्याला धरून आहे, म्हणून तोही वाचला. क आणि ख पर्यंत बाहेरून कोणीच पोहोचत नाही. मग त्यांचे आपसातले रेफरन्स तोडायचे. खरे आकडे शून्यावर येतात आणि नेहमीचाच नियम त्यांना संपवतो. साधे पूर्णांक किंवा स्ट्रिंग कोणालाच धरत नाहीत, त्यामुळे त्यांना या तपासणीत घ्यावंच लागत नाही.

मोबाइलची ‘रॅम साफ’ करून देणारी अ‍ॅप्स असलं काही करत नाहीत. दुसऱ्या अ‍ॅपच्या आतलं कोणतं ऑब्जेक्ट निकामी झालंय हे त्यांना कळूच शकत नाही. ती फार तर अख्खं अ‍ॅप बंद पाडतात, आणि ते पुन्हा उघडलं की तीच मेमरी पुन्हा भरते. जाहिरातीतला हिरवा झाडू तेवढा छान दिसतो.

अ‍ॅपलच्या स्विफ्ट या भाषेतही मोजणीच आहे, पण क-ख सारखं एकमेकांना धरणारं चक्र शोधणारं कोणी नाही. दोनांपैकी एक रेफरन्स ‘वीक’ आहे, तो मोजू नका, असं प्रोग्रॅमरनेच लिहायचं. विसरलात तर ती मेमरी अ‍ॅप बंद होईपर्यंत अडकली.

पायथनमध्ये एक त्रास तरीही उरला होता. ‘ट्रू’ (खरं), ‘फॉल्स’ (खोटं) यांसारखी कधीच न मरणारी ऑब्जेक्ट नुसती वापरली तरी त्यांचा आकडा बदलायचा, म्हणजे मेमरीत काहीतरी लिहिलं जायचं. इन्स्टाग्रामच्या पायथनवर चालणाऱ्या सर्व्हरवर अनेक प्रोसेस (एकाच वेळी चालणारे प्रोग्रॅम) एकच मेमरी वाटून घेत. त्यात कोणी लिहिलं की त्या भागाची वेगळी प्रत करावी लागे. २०२३च्या ३.१२ आवृत्तीपासून अशा ऑब्जेक्टांना एक राखीव मोठा आकडा देऊन ठेवतात, आणि तो दिसला की पायथन मोजणी करतच नाही.