घडीघडी बंद-चालू केला की लाइट उडतो?

"बटन घडीघडी दाबू नका बे, लाइट उडते!" गावच्या रात्रीच्या कबड्डीत हे दरवर्षी ऐकतो. नागपूरजवळच्या जामठा स्टेडियमवर मॅच पाहून आलेली पोरं तर विचारतात, स्टेडियमचे लाइट नाचवले तर टिकतात कसे?

भीती खोटी नाही, जुनी आहे. जुन्या फ्लडलाइटमधला मेटल हॅलाइड दिवा एकदा विझला की थंड होईपर्यंत, कधी 10-15 मिनिटं, पुन्हा लागत नाही. शिवाय दर पेटण्यात त्याचे इलेक्ट्रोड झिजतात.

एलईडीचं तसं नाही. मंद करताना तो बहुधा सेकंदाला शेकडो वेळा बंद-चालूच होत असतो. डोळ्याला कळत नाही. मोबाइलचा कॅमेरा धरा, बरेचदा काळे पट्टे सरकताना दिसतात. लाइट-शोत मेन स्विचला कोणी हातच लावत नाही. वीज चालूच राहते, कंट्रोलरकडून फक्त आकडे जातात. डीएमएक्स 512 या लाइटला हुकूम धाडायच्या पद्धतीत एका तारेवर 512 चॅनेल, प्रत्येकाला 0 ते 255 असा आकडा: 0 म्हणजे विझलेला, 255 म्हणजे पूर्ण उजेड.

आपल्याकडे उडतो तो बहुतेकदा ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला हवी तशी वीज देणारा भाग. त्याला मारतं ते मे महिन्यातलं ऊन आणि जनरेटरचं वरखाली होणारं व्होल्टेज. हो, मेन स्विच खटखट करणं त्यालाही मानवत नाही.