सिग्नल शेजाऱ्याचा, दोष कुणाचा?

19 जानेवारी 2022 रोजी एअर इंडियाने मुंबई-नेवार्कसह अमेरिकेला जाणारी काही उड्डाणं रद्द केली. कारण होतं तिकडे त्याच दिवशी सुरू होणारं नवं 5जी. ‘5जीचे सिग्नल विमानाच्या रेडिओत घुसतात’ असं ऐकलं की प्रकरण समजल्यासारखं वाटतं, पण अशी घुसखोरी दोन तऱ्हांची असते आणि त्यांची गल्लत झाली की उपाय चुकीच्या दारात जातो.

पहिली तऱ्हा गळतीची. कुठलाही ट्रान्समीटर नेमून दिलेल्या बँडच्या, म्हणजे लहरींच्या पट्ट्याच्या, रेषेवर काटेकोर थांबत नाही. थोडी ऊर्जा कडेने बाहेर सांडतेच. ती थेट आपल्या बँडमध्ये येऊन पडते. दुसरी तऱ्हा दडपणाची. इथे शेजारी आपल्या हद्दीतच असतो, पण त्याचा सिग्नल इतका जोरदार असतो की आपल्या रिसीव्हरचा पहिला अँप्लिफायर त्याखाली दबतो आणि हवा असलेला क्षीण सिग्नल हरवतो.

अमेरिकेतली मुख्य भीती दुसऱ्या तऱ्हेची होती. विमानाचा रेडिओ ऑल्टिमीटर 4.2 ते 4.4 गिगाहर्ट्झमध्ये काम करतो. जमिनीवर आपटून परतणाऱ्या लहरींवरून तो उंची मोजतो, आणि दाट धुक्यात उतरताना वैमानिकाची व ऑटोपायलटची भिस्त त्याच आकड्यावर असते. नव्या 5जीला 3.7 ते 3.98 गिगाहर्ट्झ मिळाले होते. म्हणजे मध्ये किमान 220 मेगाहर्ट्झ मोकळे. तरीही धोका का? कारण जुन्या ऑल्टिमीटरचे फिल्टर सैल होते. ते शेजारचंही बरंच आत घेत. पण यासाठी ते बनवणाऱ्यांना सरसकट दोष देणं मला पटत नाही. कित्येक दशकं त्या शेजारी 36 हजार किलोमीटरवरच्या उपग्रहांचे मंद सिग्नल तेवढे होते. इतक्या शांत वस्तीत जाड भिंती कोण बांधतो? मग तिथे विमानतळाजवळ जमिनीवरचे टॉवर आले. तात्पुरता तोडगा म्हणून टॉवरना धावपट्ट्यांपासून लांब ठेवलं, पण खरं काम विमानांत झालं: चांगले फिल्टर किंवा नवे ऑल्टिमीटर बसवले गेले.

आपल्याकडे 5जीचा हा बँड 3.3 ते 3.67 गिगाहर्ट्झ, म्हणजे आणखी लांब. तरी नोव्हेंबर 2022 मध्ये दूरसंचार विभागाने धावपट्टीच्या दोन्ही टोकांपासून 2.1 किलोमीटर आणि मध्यरेषेपासून 910 मीटरपर्यंत या बँडचे टॉवर उभारू नका असं कंपन्यांना कळवलं. मला ही खबरदारी योग्य वाटते.

गळतीचं उदाहरण सॅटेलाइट फोन चालवणाऱ्या इरिडियम उपग्रहांचं. त्यांचे सिग्नल साधारण 1621 ते 1626 मेगाहर्ट्झमध्ये, पण त्यांची गळती 1612 मेगाहर्ट्झजवळ पोचत होती. ताऱ्यांभोवतीच्या हायड्रॉक्सिल रेणूंची खूण रेडिओ दुर्बिणी तिथेच शोधतात. दुर्बिणीवर कितीही उत्तम फिल्टर लावला तरी इथे उपयोग नाही, कारण फिल्टर गळती अडवायला गेला तर ताऱ्याचा सिग्नलही अडवणार. बंदोबस्त उपग्रहातच व्हायला हवा.

आपल्या रेडिओ संचात यातलं कुठलं घडतंय, हे तपासायची एक साधी युक्ती हॅम मंडळी, म्हणजे हौशी रेडिओवाले, वापरतात. मुंबईत 93.5 आणि 98.3 ही दोन्ही एफएम केंद्रं जोरात येणाऱ्या जागी साध्या संचावर 103.1 लाही त्यांची सरमिसळ ऐकू येऊ शकते. 98.3 ची दुप्पट, वजा 93.5, बरोबर 103.1. अशी सरमिसळ बहुधा जोरदार सिग्नलांच्या दडपणाने संचाच्या पोटातच तयार झालेली असते. अँटेना आणि संच यांच्यामध्ये 10 डेसिबलचा अ‍ॅटेन्युएटर, म्हणजे येणारा सिग्नल तेवढ्या मापाने क्षीण करणारा तुकडा, जोडा. त्रास 10 डेसिबलनेच उतरला, तर तो बाहेरूनच येतोय. तक्रार ट्रान्समीटरवाल्याकडे न्या. 30 च्या आसपास उतरला, तर सरमिसळ संचातच होतेय; अर्ज लिहिण्याआधी आपल्याच अँटेनाच्या वायरीत फिल्टर बसवून पाहा.