तपासणी अहवालातील दोन प्रकारचे आकडे : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नाशिकमधील सातपूर आणि अंबड येथील ज्या कारखान्यांच्या सुट्या भागांची आम्ही तपासणी करतो, त्यांच्याकडून एक प्रश्न वरचेवर येतो : नमुन्यातील २० नगांपैकी एकही नापास झाला नव्हता, मग लॉट परत कसा आला? याचे उत्तर मोजणी आणि मापन यांतील फरकात आहे.

नापास नगांची संख्या मोजून मिळते. ती शून्य, एक, दोन अशीच असते. दीड नग नापास होत नाही. त्यामुळे प्रत्येक संख्येला स्वतःची संभाव्यता देता येते आणि त्या सर्वांची बेरीज १ भरते. हे खंडित वितरण होय. व्यास मात्र मापावा लागतो, आणि तो शेवटच्या दशांश स्थळापर्यंत तंतोतंत २५ मिमी असण्याची संभाव्यता शून्य असते. मायक्रोमीटरवर २५.०० वाचले, तरी त्याचा अर्थ २४.९९५ ते २५.००५ यांच्या दरम्यान, एवढाच. अशा अखंडित वितरणात संभाव्यता एखाद्या टप्प्याचीच असते. ती म्हणजे त्या टप्प्यावरील वक्राखालचे क्षेत्रफळ.

समजा, शाफ्टच्या व्यासाची सरासरी २५.०० मिमी, प्रमाण विचलन (मापे सरासरीभोवती किती पसरली आहेत, ते) ०.०१ मिमी आणि टॉलरन्स (चालण्याजोगा फरक) ±०.०२ मिमी आहे. व्यासाचे वितरण प्रसामान्य, म्हणजे घंटेच्या आकाराच्या वक्राचे, असेल, तर सुमारे ४.५५ टक्के नग मर्यादेबाहेर जातात. (हा घंटाकार वक्रही मुळात मोजणीतूनच आला, द्विपद वितरणाची, म्हणजे ठरावीक नगांपैकी किती नापास निघतील याच्या संभाव्यतांची, किचकट आकडेमोड टाळण्यासाठी गणितज्ञ द म्वाव्र यांनी तो १७३३ मध्ये मांडला.) आता याच लॉटमधील २० नग गो–नो गो गेजने (नग मर्यादेत आहे की नाही एवढेच सांगणाऱ्या साधनाने) तपासले, तर द्विपद वितरणानुसार एकही नापास न मिळण्याची संभाव्यता सुमारे ३९ टक्के, एकच मिळण्याची ३८ टक्के आणि दोन किंवा अधिक मिळण्याची २३ टक्के येते. म्हणजे असा सदोष लॉट पाचांतून जवळजवळ दोन वेळा निर्दोष दिसेल. गेज व्यासाचे माप टाकून देऊन फक्त ‘पास’ किंवा ‘नापास’ ठेवतो. तेच २० व्यास मापले असते, तर एकही नग नापास नसताना विचलन जास्त असल्याचा अंदाज आला असता. म्हणून, खर्च थोडा वाढला तरी, महत्त्वाच्या मापांसाठी आम्ही मापनाचाच आग्रह धरतो.

कास्टिंगमधील ब्लोहोल (ओतकामात वायूमुळे राहिलेली छिद्रे) मात्र मोजावेच लागतात; तेथे बहुधा प्वासाँ वितरण, म्हणजे अशा दोषांच्या संख्येसाठीचे खंडित वितरण, वापरतो.

टूल झिजत गेल्यास सरासरी सरकते आणि वरील टक्केवारी लागू पडत नाही. हे सरकणे लक्षात यावे यासाठी नग ज्या क्रमाने मशीनवरून उतरले, त्याच क्रमाने क्रमांक घालून पाठवावेत.