फरशीखालचा पंप

पावसाळ्यात अंगणातल्या एखाद्या शहाबादी फरशीवर पाय पडतो, फरशी डुगडुगते आणि सांध्यातून गढूळ पाण्याची पिचकारी थेट पोटरीवर उडते. यावर हमखास मिळणारा सल्ला म्हणजे, "फटीत सिमेंटचं पाणी ओता, पक्की होईल." होत नाही. फरशी चिकटायची राहिली म्हणून हलत नसते. तिच्याखालची भर निघून गेलेली असते आणि ती भर बाहेर फेकण्याचं काम फरशी स्वतःच, आपल्या पायाच्या जोरावर, करत असते.

हा पंप बारकाईने पाहण्यासारखा आहे. दोन फुटी, म्हणजे ६० सेंमी चौरस फरशी घ्या. एक कड टेकलेली, समोरची ३ मिमी अधांतरी. खालच्या पाचरीसारख्या पोकळीचं आकारमान ½ × ६० × ६० × ०.३ = ५४० घन सेंमी, म्हणजे अर्ध्या लिटरहून थोडं जास्त. पावसात ती पाण्याने भरते. पाणी हवेसारखं दबत नाही, त्यामुळे पाऊल पडलं की त्याला बाहेर पडावंच लागतं. समजा वाट फक्त पुढच्या सांध्याची आहे : ६० सेंमी लांब, ५ मिमी रुंद, म्हणजे ३० चौ. सेंमी. फरशी सेकंदाच्या दहाव्या भागात खाली बसली तर पाण्याचा वेग सेकंदाला १८० सेंमी भरतो. सांधा अर्धा बुजलेला असेल तर दुप्पट. बारीक वाळू हलायला सेकंदाला वीस-तीस सेंमी पुरतात!

पाय उचलला की फरशी पुन्हा वर येते आणि वरचं पाणी आत ओढून घेते. वाहून निघालेले कण मधल्या काळात खाली बसत नाहीत का? भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज स्टोक्स यांनी १८५१ मध्ये मांडलेल्या नियमानुसार संथ पाण्यात बारीक कणाचा बसण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गावर अवलंबून असतो. व्यास निम्मा, तर वेग पाव. ०.०१ मिमीचा गाळाचा कण सेकंदाला जेमतेम ०.०९ मिमी खाली जातो. ३ मिमीच्या पोकळीत तळाला टेकायला त्याला अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ हवा आणि पुढचं पाऊल तर त्याआधीच पडतं. अर्ध्या मिलिमीटरचा वाळूचा कण मात्र पाणी थांबताच बसतो. म्हणून प्रत्येक पावलागणिक गाळ बाहेर, भरड कण आत अशी चाळण होत राहते. उरलेल्या खड्यांवर फरशी तोलली जाते. पोकळी ३ची ६ मिमी झाली की प्रत्येक पावलाला दुप्पट पाणी ढवळलं जातं. काँक्रीटच्या रस्त्यांचे सांधे अवजड ट्रकखाली याच कारणाने खचतात आणि रेल्वेरुळांच्या खडीतून चिखल वर येतो तोही असाच.

पंप चालायला तीन गोष्टी लागतात : हलायला जागा, पाणी आणि वाहून जाण्याजोगी बारीक भर. फटीत ओतलेलं सिमेंटचं पाणी यातलं काहीच काढत नाही. ते ओल्या गाळाला धरत नाही, सुकताना आकसतं, आणि जी पापडी तयार होते ती चार दिवसांच्या डुगडुगीत तुटते. सांधा वरून बुजल्यामुळे आतलं पाणी मात्र अडकून राहतं. सांध्यात इंजेक्शनने भरायच्या महागड्या रसायनांनाही खालचा गाळ जागेवर असेपर्यंत धरायला काही सापडत नाही. ईशान्येची फरशी खचली म्हणून घरावर संकट येणार, असं सांगणाऱ्यांकडे तर लक्षच देऊ नये. गच्चीच्या पन्हळीचं पाणी कुठे पडतं ते पाहावं; खचलेली फरशी बहुधा तिथेच सापडते.

हलणाऱ्या फरश्या पावसाळ्यातच हेराव्यात. पाऊस उघडल्यावर ज्या सांध्याशी पंख्याच्या आकाराचा तपकिरी डाग वाळलेला दिसतो, त्याच्या शेजारची फरशी हातोडीच्या दांड्याने ठोका. भरीव जागी खणखणीत वाजते, पोकळ जागी बद्द. तिथे ऑइलपेंटने खूण करा आणि काम दिवाळीनंतर काढा.

सांधे छिन्नीने मोकळे करून फरशी पहारीने उचलावी, पहारीखाली लाकडाचा तुकडा ठेवावा, नाहीतर शेजारच्या फरशीची कड उडते. ३ सेंमी जाडीची ही फरशी २८ किलोच्या आसपास भरते, दोघांनी उचला. खालचा चिखल पूर्ण खरवडून काढा. कोरडा मुरूम पाच-पाच सेंमीच्या थरांत, किंचित पाणी मारून धुम्मसाने ठोका. काळ्या मातीत मात्र निदान ३० सेंमी माती काढून मुरूम भरावा, कारण ती माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते.

बैठकीसाठी १:६ माल (एक भाग सिमेंट, सहा भाग वाळू), पाच सेंमी जाड. एका फरशीला सुमारे ५ किलो सिमेंट आणि २१ लिटर भरड वाळू; एका गोणीत दहा फरश्या होतात. पाणी इतकंच की मुठीत लाडू वळावा, पण हाताला पाणी सुटू नये. कालवलेला माल तासाभरात संपवा. चार कोपऱ्यांना आणि मधे एकेक गोळा ठेवून फरशी टेकवू नका, गोळ्यांमधल्या जागेत पंप पुन्हा तयारच असतो.

माल हव्या त्या पातळीपेक्षा ६-८ मिमी उंच पसरा, फरशी ठेवून रबरी हातोडीने बसवा आणि मग ती पुन्हा उचला. ही पायरी बहुतेक जण गाळतात. मालावर फरशीचा ठसा उमटलेला असतो. जिथे तो नाही, तिथे माल मऊ आणि खरबरीत दिसतो. त्या जागा भरून घ्या. मग घासून धुतलेल्या फरशीच्या पाठीला भज्याच्या पिठाइतकं दाट सिमेंट फासून ती कायमची बसवा. पाठीवर धुळीचा थर राहिला तर सिमेंट धुळीला चिकटतं, दगडाला नाही.

उतार घरापासून बाहेर, मीटरला १२ ते १५ मिमी. दुसऱ्या दिवशी ८-१० मिमीचे सांधे १:३ मालाने पट्टीने दाबून भरा. दोन दिवस पाय नको. आठवडाभर ओली गोणपाटं.

फरशी ४ सेंमीहून जाड असेल तर सिमेंटशिवायही जमतं. ठोकलेल्या मुरमावर कच म्हणजे दगडाची भुकटी नसलेली, धुतलेली २ ते ६ मिमीची खडी चार सेंमी पसरायची. पाणी तिच्यातून निघून जातं, आणि वाहून न्यायला बारीक काही उरत नाही. खडीच्या थराला अंगणाच्या कडेकडून बाहेर वाट मात्र हवी. पातळ शहाबादी खडीवर ठेवू नये. एखाद्या खड्यावर अधांतरी राहिली की स्कूटरच्या स्टँडखाली मधोमध तडकते.