नवतपा, मिरग आणि एम८चा बोल्ट

मे महिन्याच्या शेवटी, दुपारी दोन वाजता, नागपुरात जिन्याखालच्या मीटरच्या खोलीत कोणी हौसेनं जात नाही. आमच्या इमारतीतली माणसं गेली ती वासामुळे. मासळी करपल्यासारखा वास होता आणि निम्म्या घरांनी आधी एकमेकांच्या स्वयंपाकघरांवर संशय घेतला. काही प्लास्टिकं आणि वायरींची आवरणं जास्त तापली की नेमका असाच वास सुटतो, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही. वायरमन आला, त्यानं मेन स्विच पाडला, पॅनेलचं दार उघडलं. एका फेजच्या बसबारवर, म्हणजे वीज वाहणाऱ्या धातूच्या पट्टीवर, बसवलेलं ॲल्युमिनियमचं थिंबल, म्हणजे वायरीच्या टोकाला दाबून बसवलेली भोकाची टोपी, काळंठिक्कर पडलं होतं. त्याचा बोल्ट बोटानं फिरत होता.

“असा कसा झाला ढिला? मी तर कचकून आवळला होता, भाऊ,” तो म्हणाला.

तो खोटं बोलत नव्हता. बोल्ट त्यानं खरंच आवळला होता. पण ‘कचकून’ म्हणजे किती, आणि आवळल्यावर त्या बोल्टचं आत नेमकं काय होतं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आपल्यालाही कुणी सांगत नाही.

आपण बोल्टला खुंटी समजतो. दोन वस्तूंच्या भोकांतून आरपार घातलेली, त्यांना जागेवर अडवून धरणारी काडी. प्रत्यक्षात आवळलेला बोल्ट ही ताणलेली स्प्रिंग असते. नट फिरवत गेलं की बोल्टची दांडी लांब होते, तिला पुन्हा आखूड व्हायचं असतं, आणि त्या ओढीनं मधला पत्रा, थिंबल, बसबार एकमेकांवर दाबले जातात. पकड असते ती या दाबाची. दांडी ताणलेली नसेल तर बोल्ट नुसता भोकात उभा आहे, एवढंच.

आकडे पाहिले की गंमत कळते. डोक्यावर ८.८ हा मजबुतीचा दर्जा कोरलेला एम८चा, म्हणजे आठ मिलिमीटर जाडीचा, पोलादी बोल्ट साधारण २५ न्यूटन-मीटरनं आवळतात. पाव मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला दहा किलोचं वजन टांगावं, तेवढा हा पीळ. त्यातून दांडीत निर्माण होणारी ओढ मात्र दीड टनाच्या आसपास असते. एवढ्या ओढीनं दांडी किती लांब होते? थिंबल, बसबार आणि वाशर मिळून जाडी २० मिलिमीटर धरली, तर जेमतेम ०.०४ मिलिमीटर. वहीचा कागद ०.१ मिलिमीटर जाड असतो. म्हणजे जोडाची सगळी पकड अर्ध्या कागदाहून कमी ताणावर उभी आहे. पॅनेलमधले बरेच जोड तर वीस मिलिमीटरही जाड नसतात. जाडी कमी तितका हा ताण आणखी तुटपुंजा.

आता पॅनेलच्या पत्र्यावरच्या रंगाचा विचार करा. भट्टीत भाजून बसवलेल्या पावडर कोटिंगचा थर ६० ते ८० मायक्रॉनचा, म्हणजे ०.०६ ते ०.०८ मिलिमीटर असतो. बोल्टच्या पूर्ण ताणापेक्षा रंगच जाड! वाशरखाली हा रंग तसाच राहिला, तर उन्हानं, दाबानं तो हळूहळू चेपत जातो. तो अर्धा जरी चेपला तरी बोल्टचा ताण जवळजवळ संपतो. नट एक अंशही फिरलेलं नसतं, आणि जोड ढिला झालेला असतो.

वायरमनच्या बाजूनं आणखी एक गोष्ट सांगायला हवी. पान्यावर आपण लावतो त्या जोरातला साधारण निम्मा भाग बोल्टच्या डोक्याखालच्या किंवा नटाखालच्या घर्षणात जातो, चाळीस टक्क्यांच्या आसपास आट्यांच्या घर्षणात जातो आणि खरा ताण द्यायला उरतो तो दहावा हिस्सा. आट्यांना गंज असेल तर हाताला ‘घट्ट’ लागतं, पण दांडी ताणलेलीच नसते. उलट आट्यांना ग्रीस असेल तर तेवढ्याच जोरात बोल्ट गरजेपेक्षा जास्त ताणला जातो, कधी तुटतोही. म्हणून पीळ मोजून आवळणाऱ्या टॉर्क पान्याचा आकडा वाचताना आटे कोरडे की तेलकट, हे तक्त्यात पाहावं लागतं. हाताचा अंदाज चांगला असतो, पण तो घर्षणाचा अंदाज असतो.

मग हा जोड डिसेंबरात का नाही जळाला? कारण तापणं विजेच्या प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. ढिल्या जोडाचा रोध अडीच मिलिओहम धरू. हिवाळ्यात त्यातून ५० अँपिअर जात असतील तर त्या जागी सहा वॅट उष्णता निघते. कोपऱ्यातल्या कोपऱ्यात जिरून जाते. नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला, प्रत्येक घरातला कूलर आणि एसी सुरू झाला आणि प्रवाह १०० अँपिअरवर गेला, की तोच जोड २५ वॅट ओकू लागतो. बारीक सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचंच असतं. ते थिंबलला टेकवून दुपारभर चालू ठेवल्यासारखं झालं. तापल्यानं जोडाचा पृष्ठभाग आणखी खराब होतो, रोध वाढतो, तो आणखी तापतो. चांगल्या जोडाचा रोध याच्या शंभराव्या हिश्शाइतका असतो, हे लक्षात घेतलं की फरक कळेल.

त्यात ॲल्युमिनियमची भर. एका अंशाला पोलाद मीटरमागे १२ मायक्रॉन फुगतं, तांबं १७ आणि ॲल्युमिनियम २३. दुपारी जोड तापला की ॲल्युमिनियम बोल्टपेक्षा जास्त फुगायला जातं, बोल्ट त्याला फुगू देत नाही, आणि मऊ असल्यामुळे ते थोडं दबून कायमचं चपटं होतं. पहाटे निवल्यावर ते पूर्वीच्या जाडीला परत येत नाही. रोज एक कण. शिवाय हवा लागताक्षणी ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ थर चढतो, आणि तो वीज वाहू देत नाही. म्हणून ॲल्युमिनियमच्या जोडाला आधी घासून लगेच जॉइंट कंपाउंड लावतात, तांब्याच्या बसबारशी गाठ असेल तर दोन धातूंचं थिंबल वापरतात, आणि बोल्टखाली बशीसारखा फुगीर वाशर घालतात. या बशी वाशरचं पेटंट १८६७ मध्ये ज्युलियाँ बेलव्हिल नावाच्या फ्रेंच माणसानं घेतलं होतं. बोल्टच्या ०.०४ मिलिमीटरच्या जागी ही बशी काही दशांश मिलिमीटर दबते, त्यामुळे ॲल्युमिनियम थोडं चपटं झालं तरी दाब टिकून राहतो.

“पण स्प्रिंग वाशर तर घातलाच होता ना?” हा प्रश्न मीही विचारला. एका जागी कापलेल्या कड्याचा, टोकं वरखाली केलेला तो वाशर आपल्याकडे ताईत असल्यासारखा प्रत्येक बोल्टला बांधतात. तो बोल्टच्या पूर्ण ताणाच्या अगदी लहान हिश्शातच सपाट होतो आणि पुढे साध्या वाशरइतकंच काम करतो. गेर्हार्ड युंकर या जर्मन अभियंत्यानं १९६९ मध्ये दाखवून दिलं, की नट आपोआप सुटतं ते मुख्यतः जोडातले दोन तुकडे एकमेकांवर आडवे सरकू लागले की. तेवढ्यापुरतं आट्यांचं घर्षण जणू नाहीसं होतं आणि नट उलटं फिरू लागतं. स्प्रिंग वाशर हे सरकणं थांबवत नाही. पुरेसा ताण थांबवतो. ट्रान्सफॉर्मरजवळच्या पॅनेलला तर सेकंदाला शंभर हिसक्यांची बारीक थरथर कायमचीच असते. तिथे पाचरीसारखे दाते असलेल्या वाशरची जोडी चांगली. नायलॉनची रिंग असलेलं नट दाराच्या बिजागरीला ठीक, तापणाऱ्या जोडाला नको.

आणि एक चूक मी त्या दिवशी प्रत्यक्ष पाहिली. शेजारच्या फेजवर थिंबल आणि बसबार यांच्या मधोमध पोलादी वाशर घातलेला होता. थिंबल बसबारला थेट चिकटलं पाहिजे. वीज तिथूनच जाते. बोल्ट आणि वाशर दाबायचं काम करतात, वीज वाहायचं नाही.

इतवारीतल्या लोखंडाच्या बाजारात बोल्ट आणायला गेलात तर आणखी एक सापळा आहे. दुकानदार विचारतो, “मिलिमीटर पाहिजे का सूत?” आठ सूत म्हणजे एक इंच. अडीच सूत म्हणजे ७.९४ मिलिमीटर, एम८ म्हणजे आठ. डोळ्यांना दोन्ही सारखेच. पण अडीच सुतीचे आटे ब्रिटनमध्ये जोसेफ व्हिटवर्थनं १८४१ मध्ये ठरवून दिलेल्या पद्धतीचे, ५५ अंशांच्या कोनाचे आणि १.४१ मिलिमीटर अंतराचे. एम८चे ६० अंशांचे आणि १.२५ अंतराचे. एकाचं नट दुसऱ्यावर दोन-तीन फेरे जातं आणि मग मस्त घट्ट लागतं. तो ताण नसतो, आटे चिरडले जात असतात. किलोवर मिळणाऱ्या, डोक्यावर काहीच न कोरलेल्या बोल्टबद्दल तर न बोललेलं बरं. ८.८ मधला पहिला आठ म्हणजे चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटनला तुटणार, आणि पुढचा आठ म्हणजे त्याच्या ८० टक्क्यांवर कायमचा लांबणार. कोऱ्या डोक्याचा बोल्ट असलं कोणतंच वचन देत नाही.

स्टेनलेस स्टील गंजत नाही म्हणून बरेच जण डोळे झाकून तेच घेतात. उघड्यावरच्या पेटीला ते चांगलंच. मात्र स्टेनलेसचं नट स्टेनलेसच्या बोल्टवर यंत्रानं भरभर फिरवलं, तर आट्यांवरचा रक्षक थर खरवडला जाऊन दोन्ही धातू एकमेकांत अक्षरशः जुळून बसतात. मग कापण्यावाचून इलाज नाही. थोडं वंगण आणि सावकाश हात, एवढ्यानं ते टळतं.

पेटीचा पत्रा साधारण दीड-दोन मिलिमीटरचा असतो आणि एम६च्या आट्यांमधलं अंतर एक मिलिमीटर. पत्र्यातच आटे पाडले तर पकडीला दीड-दोन आटे मिळतात, आणि दोन-चार उघडझाकीत तेही जातात. म्हणून पत्र्याला मागून नट वेल्ड करतात किंवा रिव्हेट नट दाबून बसवतात. पत्र्याचे टोकदार स्क्रू स्वस्त पडतात खरे, पण त्यांची टोकं आत वायरींवर रोखलेली असतात. शिवाय ते दार उघडताना एकदा पडले की कुणी शोधत नाही. रस्त्याकडेच्या कितीतरी डीप्यांची, म्हणजे वीज वाटणाऱ्या पेट्यांची, दारं बांधायच्या तारेनं आवळलेली दिसतात ती याचमुळे. स्क्रूविना राहिलेल्या भोकातून मुंग्या शिरतात आणि फट मोठी असेल तर पाल. पाल दोन फेजना एकदम टेकली, की अख्ख्या गल्लीला कळतं.

आता मिरगाची गोष्ट. मे २०२४ मध्ये नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश तापमान दाखवलं होतं. सेन्सर बिघडला होता, असं हवामान खात्यानं नंतर सांगितलं. पण उन्हात उभ्या असलेल्या पत्र्याच्या पेटीच्या आत ५६ अंश हे काही आश्चर्य नाही. समजा आतली हवा ६० अंशांवर आहे आणि मिरगाच्या पहिल्या सरीनं पेटी झटक्यात ३० अंशांवर आली. पेटी पक्की बंद असेल तर आतल्या हवेचा दाब नऊ टक्क्यांनी घसरतो. हे म्हणजे जवळजवळ ९० सेंटिमीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाचा दाब. पेटी बाहेरची हवा शोषायला पाहते, आणि त्या क्षणी बाहेर पाणी वाहत असतं. रबरी पट्टीत, केबल आत घ्यायच्या ग्लँडमध्ये, भिंतीवर टांगायला मागून पाडलेल्या भोकात जिथे सापडेल तिथून ती पाणी चक्क पिते. आयपी६५, म्हणजे धूळ आणि पाण्याची धार आत न येऊ देणारी, असं लिहिलेली पेटी अशी पाणी प्याली, की लोक कंपनीला शिव्या घालतात. भोक मात्र आपणच पाडलेलं असतं. टांगण्यासाठी पेटीबाहेरचे कान वापरावेत, केबल खालून घ्यावी, आणि हवा जाऊ देणारी पण पाणी अडवणारी श्वासछिद्रं लावावीत.

दाराचे स्क्रू जास्त आवळणं हा या गळतीवरचा उपाय नाही. चार कोपरे पिळले की पत्रा मध्ये फुगतो आणि रबर तिथेच सैल पडतं. कमी अंतरावर जास्त स्क्रू, आणि प्रत्येकाला सारखाच, बेताचा जोर.

आमच्या पॅनेलचं काम दोन दिवसांनी, सप्लाय बंद करून, टॉर्क पाना आणून झालं. नवी थिंबलं, बशी वाशर, आणि काम झालेल्या प्रत्येक बोल्टवर डोक्यापासून पत्र्यापर्यंत एक रेघ. रेघेसाठी तिसऱ्या मजल्यावरून लाल नेलपॉलिश आलं. नट फिरलं तर रेघ तुटलेली दिसते. तीव्र उन्हाळा गेला, पाऊस लागला, आणि जुलैत आम्ही पुन्हा मेन पाडून दार उघडलं. सगळ्या रेघा सरळ होत्या. तरी वायरमननं एकेका बोल्टला पाना लावून पाहिला. दाराच्या अर्थिंगच्या वायरीचा बोल्ट पाव फेरा सहज फिरला. काढून बघितलं, तर त्याच्या वाशरखालचा करडा रंग खरवडायचा राहून गेला होता आणि त्यावर वाशरचा गोल ठसा खोल उमटला होता. म्हणजे त्या दाराला महिनाभर धड अर्थिंगही नव्हतं, कारण रंग वीजही अडवतो. रंग घासून चकचकीत पत्रा काढला, दातेरी वाशर घातला, पुन्हा आवळला. जुन्या रेघेशेजारी आता नवी रेघ आहे.